पार्थच्या आईचं नाव काय?

पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये उभं राहा आणि जोरात ‘पार्थ’ अशी हाक मारा. दोन-तीन माना तरी वळतीलच. ‘आदित्य’ म्हणालात तर अर्धं टेबल उठेल! आता या मंडळींना एक साधा प्रश्न विचारा. बाबा रे, तुझ्या नावाचा अर्थ काय? पार्थ म्हणेल, अर्जुन. आदित्य म्हणेल, सूर्य. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. बारशाच्या आधी घरात जे नावांचं पुस्तक आलं होतं ना, त्यात तेवढंच छापलेलं होतं. आता पुस्तकाच्या जागी अॅप आलंय, पण तेही पुढे काही सांगत नाही.

उरलेलं अर्धं असं, की ही दोन्ही नावं आईवरून आलेली आहेत. पार्थ म्हणजे पृथेचा मुलगा. आदित्य म्हणजे अदितीचा मुलगा. जिमला जाणारा, बाइक पळवणारा, परवाच टीम लीड झालेला आपला पार्थ रोज शंभर मेल्सखाली एका आईचं नाव टाइप करतो आणि पठ्ठ्याला त्याचा पत्ताच नाही!

म्हणून या आठवड्यात म्हटलं, जरा नावांच्या पोटात शिरूया. कारण आपल्याकडे नाव म्हणजे नुसती हाक नसते. ‘तू कोण’ यापेक्षा ‘तू कुणाचा’ किंवा ‘तू कुणाची’ याचं ते उत्तर असतं. जुन्या कथांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरं काही ठिकाणी आपल्या फॉर्म्सपेक्षा मोकळी आहेत. आणि काही ठिकाणी तितकीच कंजूष.

पहिला स्वर फुगवा

स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेतलेल्यांना हे आठवत असेल. बाकीच्यांसाठी सांगते, फंडा एकदम सोपा आहे. अमक्याचा मुलगा, मुलगी किंवा वंशज असं सांगायचं असेल, तर मूळ नावातला पहिला स्वर फुगवायचा. अ चा आ होतो, इ चा ऐ, उ चा औ आणि ऋ चा आर्. शेवटाला थोडी डागडुजी केली की झालं नाव तयार. रघूचा राघव, यदूचा यादव, कुरूचा कौरव, पृथेचा पार्थ. व्याकरणवाले याला वृद्धी म्हणतात.

पाणिनीने तर अष्टाध्यायीत आईवरून पडणाऱ्या नावांसाठी वेगळा नियमच करून ठेवलाय. तिथे शेवटी ‘एय’ येतो. कुंतीचा कौंतेय, राधेचा राधेय, गंगेचा गांगेय. म्हणजे नावाच्या शेवटी ‘एय’ दिसला की आसपास एखादी आई असण्याची शक्यता बरीच. नेहमीच असते असं नाही हं! आत्रेय हा अत्री ऋषींचा आणि मार्कंडेय हा मृकंडूचा. तिथे ‘एय’ वडिलांकडून आलाय.

तुमच्या फ्लोअरवर यातलं कुणी सापडतंय का बघा:

आदित्य: अदितीचा मुलगा. अदिती म्हणजे जिला बंधन नाही ती. असे आदित्य पुराणात बारा आहेत.

सौमित्र: सुमित्रेचा मुलगा, म्हणजे लक्ष्मण.

आंजनेय: अंजनीचा मुलगा, आपला मारुतराया.

वैनतेय: विनतेचा मुलगा, गरुड.

कार्तिकेय: कृत्तिकांचा मुलगा. या सहा जणींनी त्याला दूध पाजलं, म्हणून त्यांचं नाव त्याला लागलं. जन्म दिला नाही तरी!

सौभद्र: सुभद्रेचा मुलगा, अभिमन्यू. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘संगीत सौभद्र’चं नावही याच नियमाने झालंय. फक्त तिथे अर्थ ‘सुभद्रेची गोष्ट’ असा आहे.

बाप एक, आया तेरा

आता कुणाला वाटेल, वा, आपले पूर्वज केवढे फेमिनिस्ट होते! थांबा. कारण त्याहून बरंच व्यवहारी आहे.

कश्यप ऋषींचं उदाहरण घ्या. महाभारतानुसार दक्षाच्या तेरा मुली त्यांना दिल्या होत्या. अदितीची मुलं आदित्य, म्हणजे देव. दितीची मुलं दैत्य. दनूची मुलं दानव. कद्रूची मुलं नाग, तर विनतेची गरुड आणि अरुण. सगळ्यांचा बाप एकच! मग ‘कश्यपाचा मुलगा’ म्हणून काय कळणार? देव आहे, राक्षसगणातला आहे की फणा काढणारा आहे, हे आईवरूनच ठरायचं. देव आणि दैत्य हे सावत्र भाऊ होते, हे आपण विसरतो. त्यांची नावं मात्र विसरलेली नाहीत.

राजवाड्यांतही तेच. दशरथाला चार मुलगे, पण सौमित्र म्हटलं की बाकीचे दोन आपोआप गळाले. पांडूला पाच मुलगे, पण माद्रेय म्हटलं की नकुल-सहदेव. ज्या घरात बायका अनेक, तिथे आईचं नाव म्हणजे जणू फ्लॅट नंबर. बिल्डिंग एकच, दार वेगळं.

आणि याचं उलटं उदाहरणही आहे. द्रौपदीला पाच पतींपासून पाच मुलगे झाले. त्या पाचांना मिळून नाव काय? द्रौपदेय. इथे बाप पाच आणि आई एक, म्हणून पुन्हा आईच कामाला आली. गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख फुंकणाऱ्यांच्या यादीत सौभद्र आणि द्रौपदेय शेजारीशेजारी उभे आहेत. आज त्या श्लोकांवरून नजर फिरवताना आपल्याला ती फक्त योद्ध्यांची नावं वाटतात.

आणि मुली?

इथे गंमत संपते. कारण मुलांना आईचं नाव मिळालं, पण मुलींना बहुतेक वेळा बापाचं किंवा त्याच्या राज्याचं. तोच स्वर फुगवायचा नियम, फक्त दिशा बदलली.

द्रुपदाची द्रौपदी. त्याचं राज्य पांचाल, म्हणून पांचाली. त्याचं दुसरं नाव यज्ञसेन, म्हणून याज्ञसेनी. तिचं स्वतःचं नाव होतं कृष्णा, म्हणजे सावळी. ते किती जणांना आठवतं? जनकाची जानकी, विदेह देशाची वैदेही, मिथिलेची मैथिली. सीतेचं नशीब त्यातल्या त्यात बरं. तिचं स्वतःचं नाव टिकलं, आणि तेही मातीतलं. सीता म्हणजे नांगराने जमिनीत पडलेली रेघ.

बाकीच्यांचं काय? केकय देशाची कैकेयी. मद्र देशाची माद्री. कोसलची कौसल्या. गांधारची गांधारी, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पेशावरच्या आसपासची. आपण ज्यांना नावं समजतो, ते खरं तर पत्ते आहेत. कल्पना करा, सोलापूरहून मुलगी लग्न होऊन आली आणि सासरच्यांनी तिला जन्मभर ‘सोलापुरी’ म्हणूनच हाक मारली! नवऱ्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून घेणाऱ्या बाईला महाभारत ओळखतं ते तिच्या माहेरच्या देशाच्या नावाने.

नद्यासुद्धा सुटल्या नाहीत. भगीरथाने खाली आणली म्हणून गंगा भागीरथी झाली. जह्नू ऋषींनी पिऊन टाकली आणि मग सोडली म्हणून जान्हवी झाली. ऑफिसातल्या जान्हवीला हे सांगून बघा. मात्र तिच्या रागाला मी जबाबदार नाही.

चेंडू हातात असलेली मुलगी

आता पुन्हा पार्थकडे येऊ. कारण या एका नावात अख्खी कादंबरी लपलेली आहे.

यादवांचा राजा शूर. त्याची मुलगी पृथा. नात्यातल्या कुंतिभोज राजाला मूल नव्हतं, म्हणून शूराने शब्द दिल्याप्रमाणे आपलं पहिलं अपत्य त्याला देऊन टाकलं. त्या घरी गेल्यावर पृथेची झाली कुंती. पुढे पांडूची राणी, पांडवांची माता, सगळं जग तिला याच नावाने ओळखतं. म्हणजे कौंतेय या नावात आई आहेच, पण ती दत्तक बापाच्या शिक्क्यासकट आहे. पार्थ या नावात मात्र त्याच्या आधीची मुलगी आहे. कुणालाही देऊन टाकण्याआधीची.

हे मी उगीच भावुक होऊन लिहीत नाहीये. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण तिला भेटायला जातो. तेव्हा कुंती आतेपणाच्या हक्काने त्याच्यापुढे मन मोकळं करते. कृष्ण तिच्या भावाचा, वसुदेवाचा मुलगा. ती म्हणते, मी दुर्योधनाला दोष देत नाही, मी माझ्या वडिलांना दोष देते. हातात चेंडू घेऊन खेळण्याच्या वयात, श्रीमंत माणसाने धन वाटावं तसं त्यांनी मला देऊन टाकलं. राज्य गेलं, मुलं वनवासात गेली, सुनेची भर सभेत विटंबना झाली. एवढं सगळं भोगलेल्या बाईला आठवतो तो चेंडू.

आणि त्यानंतर रथात बसून हाच कृष्ण तिच्या मुलाला पुनःपुन्हा कोणत्या नावाने हाक मारतो? पार्थ. आतेभावाला आत्याच्या माहेरच्या नावाने मारलेली ती हाक आहे. कृष्णाच्या घरी ती पृथाच असणार ना! तुमच्या घरातही असं असतं बघा. लग्नात आईचं नाव बदललेलं असतं, पण मामाच्या घरी सगळे तिला जुन्याच नावाने हाक मारतात. तिथे गेलं की ती दोन दिवस वेगळीच बाई वाटते.

आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. हल्ली बऱ्याच मुली ‘नाव तेच ठेवू’ म्हणतात. सासरच्यांना काही वाटत नाही, काहींना वाटतं. त्यावरून घरोघरी वाद होतात आणि ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ हे वाक्य हमखास येतं. गोष्ट एवढीशी नाही. ती निदान कुंतीइतकी जुनी आहे.

राधेय: निवडलेलं नाव

आतापर्यंतची सगळी नावं मिळालेली होती. एक नाव मात्र निवडलेलं आहे.

कुंतीने नदीत सोडलेलं बाळ अधिरथ आणि राधेला सापडलं. त्यांनी त्याचं नाव वसुषेण ठेवलं, कारण अंगावर सोन्याचं कवच होतं आणि वसू म्हणजे धन. जग त्याला कर्ण म्हणतं. युद्धाच्या तोंडावर कृष्ण त्याला सांगतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल, राजा हो. त्या वेळी कर्ण जे बोलतो ते आजच्या कुठल्याही दत्तक मुलाला पाठ असावं. तो राधेबद्दल बोलतो. मला पाहताक्षणी मायेने तिला पान्हा फुटला, तिने माझी शी-शू काढली, तिला मी कसा सोडू?

मग कुंती स्वतः येते. ती काही बोलायच्या आत कर्ण आपली ओळख करून देतो, मी राधेय, अधिरथाचा मुलगा. कुंती म्हणते, तू राधेय नाहीस, कौंतेय आहेस. दोन आया, दोन नावं आणि मध्ये उभा असलेला मुलगा. एक नाव घेतलं तर सिंहासन, दुसरं घेतलं तर मरण. त्याने राधेय ठेवलं. रणजित देसाईंनी कर्णावरच्या कादंबरीला हेच नाव का दिलं असेल, हे आता वेगळं सांगायला नको.

अॅडमिशनचा फॉर्म

माझी एक मैत्रीण घटस्फोटानंतर लेकाला एकटीने वाढवतेय. प्लेग्रुपच्या अॅडमिशनला गेली, तर काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. ‘वडिलांचं नाव रिकामं ठेवता येत नाही मॅडम.’ मागे रांग, कडेवर पोरगा. तिने शेवटी नाव लिहिलं आणि गाडीत बसून रडली.

हा सीनसुद्धा जुनाच आहे. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम नावाच्या मुलाला गुरूकडे शिकायला जायचंय. तिथे गोत्र विचारणार, म्हणून तो आईला विचारतो. आई जबाला सांगते, तरुणपणी मी ठिकठिकाणी कामं करत हिंडत होते, तेव्हा तू झालास. गोत्र मला माहीत नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तेव्हा सांग की मी सत्यकाम जाबाल. पोरगं गुरूपुढे जाऊन हे जसंच्या तसं सांगतं. गुरू म्हणतात, समिधा घेऊन ये, तू सत्यापासून ढळला नाहीस. अॅडमिशन पक्की! आता, असं खरं ब्राह्मणच बोलू शकतो हेही ते म्हणतात, म्हणजे जातीचा हिशेब तिथेही सुटलेला नाही. पण वडिलांचा रकाना रिकामा असलेला फॉर्म त्यांनी स्वीकारला, हेही खरं.

आपल्या कायद्याला इथवर यायला वेळ लागला. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायचे ठरवले, तेव्हा पालक म्हणून आईची सही चालेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला, की वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते.

नाशिकचा वीकएण्ड

पुढच्या वेळी नाशिकला वायनरीत जाल, तेव्हा दोन तास पांडवलेण्यांसाठी काढा. नावात पांडव असले तरी पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही बौद्ध लेणी आहेत. तीन नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक लांबलचक प्राकृत लेख कोरलेला आहे. काळ इसवी सनाचं दुसरं शतक. त्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचं कौतुक आहे. पराक्रमात त्याला राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या रांगेत बसवलंय, आणि तो आईची सेवा करणारा होता हेही आवर्जून नोंदवलंय. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. पिढ्यान् पिढ्या राजे आपल्या नावाआधी आई लावत होते, तेही आपल्या महाराष्ट्रात!

पण जरा बारकाईने बघा. गौतमी म्हणजे गौतम गोत्रातली, वासिष्ठी म्हणजे वसिष्ठ गोत्रातली. पुन्हा पत्ताच! राजाच्या नावातून त्याच्या आईचं स्वतःचं नाव कळत नाही. ते आपल्याला कळतं, कारण हे लेणं भिक्षूंना दान देणारी तीच होती आणि दानलेखात तिने स्वतःचं नाव घातलं. बलश्री. राजाची आई आणि राजाची आजी असल्याचं सांगितलं, पण त्यासोबत आपलं नावही दगडात कोरून घेतलं.

मधला रकाना

आता आपल्याकडे. ११ मार्च २०२४ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुला-मुलीच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव आलंच पाहिजे. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. संजय लीला भन्साळीने जे हौसेने केलं, ते आता प्रत्येक बाळाच्या कागदावर असणार. छानच झालं.

पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावाची पद्धत जुनीच राहिली. तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. म्हणजे बाळाच्या कागदावर आई आली, आणि आईच्या स्वतःच्या कागदावर तिची आई नाही. पार्थ पृथेचा झाला. पृथा अजून कुंतीच आहे.

तेव्हा येत्या वर्षभरात ज्यांच्याकडे बारसं आहे त्यांनी नाव जरूर पुराणातलं शोधावं, पण अर्थ पूर्ण वाचावा. लग्न ठरलेल्यांनी तांदळावर काय लिहायचं हे आधीच बोलून घ्यावं, ऐनवेळी भटजींसमोर नको. आणि तमाम पार्थ मंडळींनो, आज रात्री घरी फोन कराल तेव्हा आईला एक विचारा. लग्नाआधी तिला सगळे काय म्हणून हाक मारायचे?